स्लॅबखालची सुटका, दोन शौर्यपदकं आणि उशिरा आलेला अहवाल

हे प्रकरण एका रुग्णवाहिका सेवेतल्या दोन पॅरामेडिकना मिळालेल्या शौर्यपदकाचं आहे. ओळख पटू नये म्हणून स्थळ, काळ आणि काही मोजमापं बदलली आहेत. निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. कर्मचाऱ्यांना इथे अ, ब आणि क म्हटलं आहे. अ आणि ब पहिल्या रुग्णवाहिकेवर होते. क ही दुसऱ्या गाडीतून आलेली वरिष्ठ पॅरामेडिक, घटनास्थळी वैद्यकीय प्रमुख. पदक अ आणि ब यांना मिळालं. सगळ्या वेळा इमारत कोसळल्यापासूनच्या मिनिटांत दिल्या आहेत.

पार्श्वभूमी

तीन मजली बांधकाम. दुसऱ्या मजल्यावरचा स्लॅब भरायचं काम चालू होतं आणि जेमतेम अर्धा भरून झाला होता. सेंट्रिंगचे टेकू एका बाजूने सरकले. ओल्या काँक्रीटचा भार खालच्या, आधी भरून पक्क्या झालेल्या स्लॅबवर आला. त्याचा एक गाळा बीमसकट तुटला आणि एक कड भिंतीला टेकलेली, दुसरी जमिनीवर, असा तिरका पडला. साईटवर सोळा जण होते. बारा सुखरूप बाहेर आले, तिघांना इजा झाली आणि तिशीतला एक कामगार त्या तिरक्या स्लॅबखालच्या पोकळीत अडकला. पोकळीचं तोंड साठ सेंटिमीटर उंच, तिथून रुग्णापर्यंत सरपटत चार मीटर.

अशा ठिकाणी वर काय उरलंय हे आधी पाहायचं असतं. ओलं काँक्रीट घनमीटरला सुमारे २,४०० किलो भरतं आणि स्वतःचं वजन पेलायची ताकद त्यात नसते. भरलेल्या भागातला बराचसा माल अजून वर होता, वाकलेल्या टेकूंवर. काँक्रीटचा पंप बंद केला होता, पण मालाचा ट्रक इंजिन चालू ठेवून कडेलाच उभा होता आणि त्याची थरथर जमिनीतून टेकूंपर्यंत पोचत होती. हे रुग्णवाहिका आल्यानंतरही दहा-बारा मिनिटं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

फोन सहाव्या मिनिटाला गेला. अ आणि ब एकविसाव्या मिनिटाला पोचले, अग्निशमन दलाची पहिली गाडी चोविसाव्या मिनिटाला. तिच्यावर शिड्या, कटर, थोडे ठोकळे आणि चार लोखंडी जॅक-टेकू होते. कोसळलेल्या इमारतीत काम करणारं खास पथक दूर होतं, त्याला यायला अजून तासभर लागणार होता.

अडचण नेमकी काय होती

पहिली अडचण वजनाची. रुग्णाच्या पायांवर पडलेला बीम साधारण ०.३ × ०.४५ × ४ मीटरचा, म्हणजे जवळपास १.३ टन. त्याला चिकटून असलेला ३ × २ मीटरचा, १२ सेंटिमीटर जाडीचा स्लॅबचा तुकडा आणखी १.७ टन. तीन टन वजन चार माणसं पहारीने हलवतील, पण नको त्या दिशेला.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. मोठे स्नायू दबलेले असतात तेव्हा त्यांच्या पेशी मरत जातात. शरीरातल्या पोटॅशियमपैकी सुमारे ९८ टक्के पेशींच्या आत असतं. बीम अंगावर असेपर्यंत ते त्या पायातच अडकून राहतं. बीम उचलला की रक्त पुन्हा खेळू लागतं आणि पोटॅशियम, आम्लं, मायोग्लोबिन (स्नायूंमधलं एक प्रथिन) यांचा लोंढा एकदम हृदयाकडे आणि मूत्रपिंडांकडे निघतो. चार तास बोलत असलेला माणूस बाहेर काढल्यावर पाचव्या मिनिटाला दगावतो, तो यामुळे. लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांतले असे रुग्ण पाहून बायवॉटर्स आणि बील यांनी १९४१ मध्ये याचं वर्णन केलं. तेव्हापासून हा 'क्रश सिंड्रोम' म्हणून ओळखला जातो. धोका साधारणपणे चार तासांनंतर वाढतो असं शिकवतात, पण मांडीसारखा मोठा स्नायू पूर्ण दबला असेल तर तासाभरातही तो उभा राहू शकतो.

उपाय माहीत आहे आणि तो साधा आहे: सुटकेच्या आधीच शिरेतून भरपूर सलाईन. लेबनॉनमधल्या टायर शहरात १९८२ मध्ये कोसळलेल्या इमारतीखालून काढलेल्या सात रुग्णांना ढिगाऱ्यातून सोडवतानाच सलाईन सुरू झालं होतं. सातपैकी एकाचंही मूत्रपिंड निकामी झालं नाही. म्हणजे इथे पॅरामेडिकने आत जाण्याला खरा वैद्यकीय अर्थ होता, नुसता धीर देण्यापुरता तो प्रश्न नव्हता. पेच असा की थांबलं तर इमारत टेकू लावून सुरक्षित होत जाते आणि त्याच वेळात रुग्णाच्या पायात विष साठत जातं.

पहिली आठ मिनिटं

तेविसाव्या मिनिटाला अ आत शिरला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. डोक्यावर हेल्मेट होतं. वायुमापक नव्हता, वॉकीटॉकी गाडीत राहिला होता. पाठीवरची औषधांची बॅग तोंडाशीच अडकली म्हणून ती बाहेर सोडून तो पुढे गेला. एकतिसाव्या मिनिटाला बाहेर आला.

आणलेली माहिती मोलाची होती: रुग्ण शुद्धीवर, श्वास मिनिटाला २८, नाडी ११८, उजवी मांडी पूर्ण दबलेली, डावा पाय गुडघ्याखाली चिमटलेला, दोन्ही हात मोकळे. पण उपचार शून्य, कारण साहित्य बाहेर होतं. आणि ही माहिती मिळवायला आत जायची गरज होती का? रुग्ण बोलत होता. तोंडाशी झोपून हाका मारल्या असत्या, "दादा, कुठे दाबलंय? बोटं हलतात का?" असं विचारलं असतं, तर यातलं बरंचसं बाहेरूनच कळलं असतं. नाडी कळली नसती, हे खरं.

या आठ मिनिटांत ब तोंडाशी एकटीच उभी होती आणि इजा झालेल्या तिघांकडे कुणी पाहत नव्हतं. त्यातल्या एकाच्या कपाळातून रक्त वाहत होतं. त्याच्या सहकाऱ्याने गमछा दाबून धरला होता.

थांबवण्याचा निर्णय

क तेहतिसाव्या मिनिटाला पोचली आणि तिने पहिलं काम केलं ते आत जाणं बंद करण्याचं. नंतर झालेल्या चौकशीत हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय ठरला. त्याचा एकही फोटो नाही.

पुढच्या सात मिनिटांत तिने आणि अग्निशमन अधिकाऱ्याने मिळून काही गोष्टी उरकल्या. मुकादमाकडून हजेरी घेऊन सोळाचा आकडा पक्का केला, म्हणजे आणखी कुणी खाली नाही हे कळलं. मालाचा ट्रक बंद करून लांब नेला. वीज तोडली. तिरक्या स्लॅबच्या कडेवर आणि शेजारच्या खांबावर रंगाची एकच आडवी रेघ मारली. स्लॅब सरकला तर रेघेचे दोन तुकडे एका रेषेत राहणार नाहीत. या रेघेवर नजर ठेवायला एक माणूस नेमला आणि त्याला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही असं ठरलं. त्याच्याच गळ्यात शिट्टी. खुणा आंतरराष्ट्रीय शोध-बचाव पथकं वापरतात त्याच: तीन छोट्या शिट्ट्या म्हणजे ताबडतोब बाहेर, एक लांब म्हणजे काम थांबवा आणि शांत राहा, एक लांब एक छोटी म्हणजे काम पुन्हा सुरू.

कोणते पर्याय समोर होते

चाळिसाव्या मिनिटाला चार पर्याय मांडले गेले.

पहिला, खास पथक येऊन पूर्ण टेकू लावेपर्यंत कुणीही आत जायचं नाही. कर्मचाऱ्यांसाठी सर्वात सुरक्षित. पण हिशोब केला तर सलाईन सुरू व्हायला अडीच तास गेले असते.

दुसरा, पहारी आणि जॅक लावून बीम लगेच उचलायचा आणि ओढून काढायचं. जमलेल्या कामगारांचा आग्रह याच्यासाठी होता आणि ते चिडलेही होते. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण स्लॅबला आधार न देता एका टोकाने उचललं तर दुसरं टोक घसरतं. १९८५ च्या मेक्सिको सिटी भूकंपात अप्रशिक्षित स्वयंसेवकांनी शेकडो लोकांना वाचवलं आणि त्यांच्यातलेच शंभरेक या कामात मेले, असं प्रशिक्षणात नेहमी सांगितलं जातं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, म्हणूनच घटनास्थळी हा वाद घालणं अवघड जातं.

तिसरा, जागेवरच पाय कापायचा. ओक्लाहोमा सिटीतल्या १९९५ च्या स्फोटानंतर ढिगाऱ्याखालच्या एका महिलेचा पाय असाच कापावा लागला होता. इथे तो पर्याय शिल्लक म्हणून ठेवला आणि शल्यचिकित्सकाला तयार राहायला कळवलं. तो वापरायची वेळ म्हणजे इमारत पडायला आली आहे किंवा रुग्ण हातातून चालला आहे. दोन्ही पाय दबलेल्या, त्यातला एक मांडीपाशी, अशा माणसात तो तितकासा सोपाही नव्हता.

चौथा, मर्यादित प्रवेश. आधी हाताशी असलेल्या साहित्याने फक्त वाटेला आधार द्यायचा, मग एकाच व्यक्तीने, ठरलेल्या वेळेसाठी, ठरलेल्या कामासाठी आत जायचं. काम झालं नाही तरी वेळ संपली की बाहेर.

चौथा निवडला. अटी क ने पांढऱ्या फळीवर लिहिल्या: पंधरा मिनिटं, कामं तीनच (शीर मिळवणं, सलाईन, वेदनाशामक), तीन शिट्ट्यांना अपवाद नाही. शेवटची अट लक्षात ठेवावी.

या फेरीला अ ला आत पाठवायचं नाही असंही तिने ठरवलं. तो एकदा जाऊन आला होता, वाट त्याला माहीत होती, म्हणून तोच योग्य असं कुणालाही वाटेल. पण तो थकलेला होता आणि रुग्णाला "मी परत येतो" असं सांगून आला होता. असं वचन देऊन आलेला माणूस शिट्टीला बाहेर येईल याची खात्री कमी असते.

प्रत्यक्ष काम

चार जॅक-टेकू आणि लाकडी ठोकळ्यांचे दोन चौक लावायला तेरा मिनिटं गेली. चार इंची चौकोनी ठोकळे थरात दोन-दोन, आडवे-उभे रचले की असा एक चौक साधारण दहा टन पेलतो. पण खालची जमीन भुसभुशीत असेल तर तो आकडा कागदावरच राहतो, म्हणून खाली फळ्या टाकल्या. लाकूड वापरायचं आणखी एक कारण आहे: मोडण्याआधी ते करकरतं. लोखंड तशी सूचना देत नाही.

एकसष्टाव्या मिनिटाला ब आत गेली. बॅग नव्हती. सगळं साहित्य एका घसरपाटीवर दोरीने मागून ओढलं. घसरपाटी कसली, स्ट्रेचरचा तळ. पुढे वायुमापक: प्राणवायू २०.४ टक्के, ज्वलनशील वायू शून्य, कार्बन मोनॉक्साइड ९ पीपीएम. रुग्णाला धुळीचा मास्क आणि गॉगल. मोकळ्या हाताच्या शिरेत १८ गेजची सुई. एकोणसत्तराव्या मिनिटाला सलाईन सुरू.

इथे तीन बारकावे आहेत आणि तिन्ही नवख्यांकडून चुकतात. साठ सेंटिमीटरच्या पोकळीत बाटली टांगायला उंचीच नसते, त्यामुळे पिशवीला दाबाची पट्टी लावावी लागते. दाब देण्याआधी पिशवीतली हवा पूर्ण काढायची. नाहीतर सलाईन संपताक्षणी तीच हवा दाबाने शिरेत जाते. तिसरं, सलाईन साधं ०.९ टक्क्यांचंच हवं. रिंगर लॅक्टेट या दुसऱ्या प्रकारच्या सलाईनमध्ये थोडं का होईना पोटॅशियम असतं आणि इथे त्याची भर घालायची नसते. प्रौढासाठी वेग पहिले दोन तास ताशी एक लिटर, मग निम्मा.

त्यानंतर वेदनाशामक म्हणून केटामाइन, किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, सावकाश. या मात्रेत दुखणं कमी होतं आणि श्वास चालू राहतो. अरुंद जागेत श्वासनलिकेत नळी घालणं जवळपास अशक्य असतं, त्यामुळे जास्त मात्रेचा मोह टाळायचा.

चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला रंगाची रेघ तुटली. तीन शिट्ट्या झाल्या.

ब चाळीस सेकंदांनी बाहेर आली. तेवढ्या वेळात तिने सुईवर चिकटपट्टी लावली आणि दाबाची पट्टी पुन्हा फुगवली. स्लॅब तीन सेंटिमीटर खाली बसला, ठोकळ्यांच्या चौकावर टेकला आणि थांबला. चौक नसता तर तो कुठे थांबला असता हे सांगता येत नाही.

खास पथक अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आलं. त्यांनी मागच्या बाजूने आधार देईपर्यंत, म्हणजे ब बाहेर आल्यापासून पुढची पस्तीस मिनिटं, आत कुणीच नव्हतं. या काळात एक चूक उघडी पडली. पिशवी ५०० मिलिलिटरची होती, ताशी एक लिटरने ती अर्ध्या तासात संपणार हे उघड होतं, पण बाहेर तिचा हिशोब कुणी ठेवला नव्हता. एकशे दहाव्या मिनिटाला अ आत पोचला तेव्हा पिशवी रिकामी होती आणि सुईत रक्त गोठलं होतं. नवी सुई बसायला सहा मिनिटं गेली. हजार मिलिलिटरची पिशवी लावली असती तर हा खंड पडलाच नसता, आणि ती गाडीत होती.

यापुढे अ आणि ब वीस-वीस मिनिटांच्या पाळ्यांनी आत राहिले. एकशे चाळिसाव्या मिनिटाला ईसीजीवर टी-लहरी उंच, टोकदार दिसू लागल्या. पायात पोटॅशियम साठलंय आणि थोडं गळतंय, याची ती खूण.

प्राणवायूचा प्रसंगही याच टप्प्यातला. रुग्णाला मास्कमधून मिनिटाला दहा लिटर प्राणवायू चालू होता आणि दोन मीटरवर पथक ग्राइंडरने सळ्या कापत होतं. वायुमापक वाजला: २३.८ टक्के. हवेतला प्राणवायू २३.५ च्या वर गेला की कपडे, धूळ, तेल यांना ठिणगी लगेच धरते. इथे निर्णय चटकन झाला. रुग्णाची प्राणवायू-पातळी मास्कशिवाय ९६ होती, म्हणून प्राणवायू बंद केला, कापणं चालू ठेवलं. रुग्णाला प्राणवायू लावणं इतकं हाताच्या सवयीचं असतं की तो का लावलाय, हे विचारायचंच राहून जातं.

सुटका दोनशे पाचव्या मिनिटाला सुरू झाली. तोवर साधारण दोन लिटर सलाईन गेलं होतं. उचलण्याआधी दहा मिनिटं कापणं थांबवून नेब्युलायझरने सॅल्ब्युटामॉल दिलं, ते रक्तातलं पोटॅशियम पेशींत ढकलतं. मग हृदयाच्या संरक्षणासाठी कॅल्शियम, नळी सलाईनने धुऊन आम्लांसाठी सोडियम बायकार्बोनेट. मध्ये धुणं आवश्यक, कारण ही दोन एकाच नळीत भेटली की साका धरतो आणि नळी बंद पडते. टुर्निकेट (रक्तप्रवाह थांबवायचा पट्टा) दोन्ही पायांवर सैल बांधून ठेवलं, आवळलं नाही. सरसकट आवळावं की नाही यावर मतभेद आहेत. या सेवेच्या नियमात ते जीवघेण्या रक्तस्रावासाठीच होतं.

हवेच्या उशांनी बीम दोन-दोन सेंटिमीटर उचलला आणि प्रत्येक वेळी तेवढेच ठोकळे खाली सरकवले. उशी फुटली तर बीम ठोकळ्यावर बसला पाहिजे, पायावर नाही. आधी डावा पाय सोडला, पाच मिनिटं ईसीजी पाहिला, मग उजवा. उजवा सुटल्यावर दीड मिनिटात ईसीजीच्या लहरी रुंद झाल्या आणि रक्तदाब ८० वर आला. कॅल्शियमची दुसरी मात्रा सिरिंजमध्ये भरून तयार होती, ती लगेच दिली. लहरी पुन्हा अरुंद झाल्या. भरून ठेवली नसती तर कुपी फोडून औषध ओढण्यात मिनिट-दीड मिनिट गेलं असतं, आणि त्या वेळी तेवढं हाताशी नव्हतं.

परिणाम

रुग्ण वाचला. मूत्रपिंडांनी काम कमी केलं, नऊ दिवस डायलिसिस लागलं, नंतर ती सावरली. उजव्या पायाचे स्नायू फुगल्यामुळे आवरण चिरून दाब मोकळा करावा लागला. पाय राहिला, पण पाऊल वर उचलत नाही, त्यासाठी पट्टा लागतो. सलाईनमधल्या त्या खंडाशिवाय डायलिसिस टळलं असतं का, याचं उत्तर एका रुग्णावरून देता येत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीही ते दिलं नाही.

इजा झालेल्या तिघांपैकी कपाळाची जखम असलेल्याला दोन तासांनी उलट्या सुरू झाल्या. तपासात मेंदूत छोटा रक्तस्राव निघाला, शस्त्रक्रियेशिवाय बरा झाला. त्याची पहिली नोंद एकेचाळिसाव्या मिनिटाची आहे.

गौरव

चार महिन्यांनी अ आणि ब यांना शौर्यपदक मिळालं. मानपत्र दोन परिच्छेदांचं. पहिल्यात अ "जिवाची पर्वा न करता, कोणत्याही संरक्षणाशिवाय" आत शिरल्याचं वर्णन. दुसऱ्यात ब "धोक्याची सूचना मिळूनही रुग्णाला न सोडता" आत थांबल्याचं. क चं नाव नाही, रंगाच्या रेघेवर नजर ठेवणाऱ्याचं नाही, खास पथकाचा उल्लेख एका शब्दात.

सातव्या महिन्यात अंतर्गत चौकशीचा अहवाल आला. त्यात पहिला प्रवेश "टाळायला हवा होता" असा नोंदला आहे. म्हणजे ज्या आठ मिनिटांसाठी सेवेने पदक दिलं, त्याच आठ मिनिटांना सेवेनेच तीन महिन्यांनी चूक म्हटलं. लबाडी कुणाचीच नव्हती. पदकाच्या शिफारशीला मुदत होती. ती भरणाऱ्या कार्यालयाने वृत्तपत्रातली कात्रणं आणि दोन साक्षीदारांची निवेदनं वापरली. चौकशीला वेळ लागतो. साक्षीदारांना जे दिसतं ते आत सरपटणारे पाय. फळीवर अटी लिहिणारी बाई दिसत नाही.

शौर्य पुरस्कारांच्या जगात हा ताण जुना आहे. १९०४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या हार्विक कोळसा खाणीत स्फोट झाला, तेव्हा इतरांना वाचवायला आत उतरलेले दोघे मेले. त्यांच्याकडे पाहूनच अँड्र्यू कार्नेगीने त्याच वर्षी शौर्यासाठीचा निधी उभारला. त्या निधीच्या नियमांत, जीव धोक्यात घालणं हा ज्यांच्या कामाचाच भाग आहे अशांना, कृत्य कर्तव्याच्या स्पष्टपणे पलीकडचं असल्याशिवाय पात्र धरत नाहीत. नियम रुक्ष वाटतो. पण इथे तो लावून पाहिला की प्रश्न नेमका होतो: अ चं कृत्य कर्तव्याच्या पलीकडचं होतं की कामाच्या पद्धतीच्या बाहेरचं? बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

पुढे जे झालं त्याने सेवेला जाग आली. नव्या भरतीच्या वर्गात हे मानपत्र वाचून दाखवलं जात होतं. एका सरावात प्रशिक्षणार्थी आधार न दिलेल्या स्लॅबखाली सरळ घुसला. कारण विचारल्यावर त्याने मानपत्राचा दाखला दिला.

अ ने स्वतः अर्ज करून मजकूर दुरुस्त करायची विनंती केली. पदकाचा मजकूर बदलला नाही, पण क आणि नजर ठेवणाऱ्या अग्निशमन जवानाला प्रशस्तिपत्र देण्यात आलं. त्या काळात अ ला झोप लागत नव्हती. सेवेने त्याला ओळखीच्या, प्रशिक्षित सहकाऱ्याशी बोलायची सोय दिली आणि महिन्याने पुन्हा विचारपूस केली. सगळ्यांना एकत्र बसवून प्रसंग पुन्हा सांगायला लावणारी सक्तीची बैठक घेतली नाही, ते योग्यच झालं. अशा एकवेळच्या बैठकांनी पुढचा मानसिक त्रास टळतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या गाडीवरच्या दोघांचं पहिल्या दहा मिनिटांतलं काम आत जाणं नव्हतं. ते होतं मोजणी, तिघा जखमींची तपासणी, थरथर बंद करणं आणि आवाजाने रुग्णाशी संपर्क. यातल्या मोजणीनेच नंतर सगळ्यात जास्त वेळ वाचवला. दोघांच्या गाडीवर एक आत गेला की उरलेला एकटा पडतो. त्यामुळे तिसरा माणूस येईपर्यंत प्रवेश नाही, असा नियम आता या सेवेत आहे.

कोसळलेल्या जागेसाठी एक छोटी वेगळी पिशवी हवी, साठ सेंटिमीटरच्या फटीतून जाईल अशी: हजार मिलिलिटर सलाईनच्या दोन पिशव्या, दाबाची पट्टी, १६ आणि १८ गेजच्या सुया, हाडातून सलाईन द्यायची सुई (दबलेल्या पायात ती कधीही टोचायची नाही), केटामाइन, कॅल्शियम, मास्क, गॉगल, डोक्यावरचा दिवा. नेहमीच्या बॅगेतून ऐनवेळी निवडायला गेलं की लहान पिशवी हाताला लागते. इथे तेच झालं. आणि आत कुणी नसतानाही बाहेर एकाने घड्याळ धरून पिशव्यांचा हिशोब लिहायचा.

शिफारशीचा अर्ज बदलला आहे. चौकशी पूर्ण झाल्याशिवाय तो पुढे जात नाही. त्यात दोन नवे रकाने आहेत: आत जाणं कुणी थांबवलं, आणि बाहेरून नजर कुणी ठेवली.

चाळीस सेकंदांवर मात्र चौकशी समितीचं एकमत झालं नाही. एका सदस्याचं म्हणणं, चिकटपट्टीशिवाय सुई निसटली असती आणि पट्टी न फुगवता सलाईन पाच-दहा मिनिटांत थांबलं असतं. ब बाहेर पळाली असती तर आत जाण्याचा सगळा धोका वाया गेला असता. दुसऱ्याचं म्हणणं, तीन शिट्ट्यांना अपवाद नाही हे आत जाण्याआधी ठरलं होतं, आणि एकदा तो नियम आतल्या माणसाच्या अंदाजावर सोडला की पुढच्या वेळी बाहेरचा माणूस शिट्टी वाजवताना चाचरेल. सुई टोचल्याबरोबर चिकटपट्टी लावली असती तर चाळीस सेकंदांचा प्रश्न निम्मा झाला असता, एवढ्यावर मात्र दोघांची सही आहे. ब ला विचारल्यावर तिने सांगितलं की तिने शिट्ट्या दोनच मोजल्या होत्या.